वृंदावनातील घर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या या सभेत आम्हां उभयतांस बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही व्याख्याते नव्हे, विद्वान तर नव्हेच. परंतु कार्यकारिणीचा निरोप स्पष्ट होता. 'तुम्ही वृंदावन योजनेत घर घेतलेत, त्यात ठेचा खाल्ल्यात. त्या ठेचा कुठे लागतात एवढेच सांगा,' असा तो निरोप. ठेच खाण्यासाठी विद्वत्ता लागत नाही, म्हणून आम्ही उभे राहिलो आहो.

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. लग्नात चार वडीलधारी माणसे सल्ला देण्यास जवळ असतात. परमुलखात घर घेताना मात्र आपण एकटे असतो. तेथे ना मामा, ना काका, ना गावचा तलाठी ओळखीचा. शिवाय घराचा अनुभव सामान्य माणसास आयुष्यात बहुधा एकदाच येतो, आणि तो येईपर्यंत गाठीचा पैसा संपलेला असतो. तेव्हा एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, हाच या बोलण्याचा हेतू.

या प्रांतात मराठी माणूस नवा नाही. १८१८ नंतर दुसरे बाजीराव गंगाकाठी बिठूरास येऊन राहिले आणि त्यांच्यामागून कितीतरी घराणी तेथे आली. काशीच्या घाटांवर मराठी घराणी तर त्याहून आधीची. १९१६ च्या लखनौ काँग्रेसला लोकमान्य टिळक आले होते. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने याच शहरात मॅरिस कॉलेज उभे राहिले; पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते नावारूपास आणले, आणि आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते. स्वातंत्र्यानंतर मात्र आपल्यापैकी बहुतेक येथे आले ते बदलीच्या हुकमाने. कोणी रेल्वेच्या संशोधन संस्थेत, कोणी १९५१ साली सुरू झालेल्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत, कोणी बँकेत, कोणी विमानांच्या कारखान्यात. राहण्यास क्वार्टर मिळे. नळ बिघडला की अर्ज लिहावा, दार मोडले की अर्ज लिहावा. तीस-पस्तीस वर्षे आपण अर्ज लिहीत राहिलो आणि घर म्हणजे काय हे शिकावयाचे राहून गेले. निवृत्तीच्या दिवशी सत्कार झाला, गळ्यात हार पडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न उभा राहिला की आता राहावयाचे कोठे?

हा प्रश्न केवळ विटामातीचा नाही. आमचे मूळ गाव वाई. तेथील वडिलोपार्जित वाडा भावाभावांत वाटला गेला आणि शेवटी विकला गेला. मुलगी पुण्यास, मुलगा परदेशी. दोघेही म्हणत, पुण्यास या. आम्ही पुण्यास जाऊन दोन महिने राहून पाहिले. भाषा आपली, भाजीवाली आपली, नाटक आपले. परंतु ज्यांच्याबरोबर आयुष्य काढले ती माणसे तेथे नव्हती. सकाळी फिरावयास निघालो तर नमस्कार करण्यास कोणी ओळखीचे भेटेना. येथे मात्र मुलाच्या आजारपणात रात्र जागून काढणारे शेजारी मिश्राजी-वर्माजी मंडळींतले होते. आम्ही परत फिरलो. या निर्णयाची किंमतही आम्ही मोजली आहे. आईच्या अखेरच्या आजाराची तार नव्हे, दूरध्वनीच आला; पण पुष्पक एक्सप्रेसला मुंबई गाठावयास जवळजवळ एक अहोरात्र लागते, आणि पुढे वाईपर्यंतचा रस्ता. आम्ही पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. ज्यांना येथे कायमचे राहावयाचे आहे त्यांनी हे अंतर आधी मनाशी मोजावे, मग जमीन मोजावी.

आता वृंदावन योजनेविषयी. उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषद १९६५ च्या अधिनियमान्वये १९६६ साली स्थापन झाली. आपल्याकडच्या गृहनिर्माण मंडळासारखी ही संस्था. तिने रायबरेली मार्गालगत, तेलीबागेच्या पुढे ही वसाहत वसवली. चारबाग स्थानकापासून अंतर दहा-बारा किलोमीटर. संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था, जिला सारे लखनौ 'पीजीआय' म्हणते, ती हाकेच्या अंतरावर. बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठही त्याच मार्गावर. कानपूर, रायबरेली, सुलतानपूर आणि फैजाबाद या मार्गांना जोडणारा शहीद पथ जवळून जातो, त्यामुळे विमानतळ सोयीचा. मेट्रो मात्र अद्याप येथवर आलेली नाही. वसाहत क्रमांकांच्या सेक्टरांत विभागलेली आहे. सेक्टर १५ कडील विस्तीर्ण मैदानावर २०२० साली संरक्षणसामग्रीचे मोठे प्रदर्शन भरले आणि २०२३ साली जागतिक गुंतवणूकदारांची परिषद झाली. अशा समारंभांच्या आधी रस्ते सुधारतात हे खरे. परंतु त्या दिवसांत तेच रस्ते बंदही असतात, हेही त्या बाजूस घर पाहणाऱ्याने ध्यानी घ्यावे.

'वृंदावन' या नावाने आमचे मन प्रथम ओढले, हे कबूल केले पाहिजे. इकडच्या लोकांस वृंदावन म्हटले की मथुरेजवळचे कृष्णाचे वृंदावन आठवते. आम्हांस मात्र आठवले ते वाईच्या वाड्यातील मागील अंगणाचे तुळशीवृंदावन. परंतु नावावर भाळून घर घेऊ नये, हा पहिला धडा आम्ही याच नावापायी शिकलो. तो असा.

योजनेच्या हद्दीबाहेर, शेताच्या कडेस, एक भूखंड आम्हांस दाखविण्यात आला. फलकावर 'वृंदावन' हा शब्द ठळक होता आणि 'जवळ' हा शब्द बारीक. भाव योजनेतील भावाच्या निम्मा. दाखविणारा गृहस्थ अतिशय गोड बोलणारा. 'आंटीजी, आप तो हमारी माताजी जैसी हैं,' असे तो म्हणाला आणि आम्ही विरघळलो. चार महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतका बयाना, म्हणजे विसार, आम्ही साध्या कागदावर देऊन आलो. पुढे एका जाणत्या वकिलांनी खतौनी काढून पाहिली, तर जमीन तीन सहखातेदारांच्या नावे, त्यांपैकी दोघांना या सौद्याची वार्ताही नाही, आणि विकणाऱ्याच्या हाती केवळ एक मुखत्यारपत्र. बयाना बुडाला. त्या गृहस्थाचे नाव आम्ही घेत नाही; दोष त्याचा जितका, तितकाच आमच्या घाईचाही. मात्र त्या बुडालेल्या पैशाने जे शिकविले ते आज आपणांस फुकट देत आहो.

पहिली गोष्ट शब्दांची. आपण सातबारा, फेरफार आणि खरेदीखत या शब्दांत वाढलो. येथे सातबाऱ्याच्या जागी खसरा आणि खतौनी. खसऱ्यात जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक, खतौनीत खातेदारांची नावे. खरेदीखतास येथे बैनामा म्हणतात, बोलण्यात नुसते 'रजिस्ट्री'. फेरफाराच्या जागी दाखिल-खारिज. मागील बारा वर्षांत त्या मालमत्तेवर कोणते दस्त नोंदले गेले हे सांगणारा जो उतारा, त्यास 'बारासाला' म्हणतात. खतौनी आता राज्याच्या भूलेख संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. विक्रेत्याने दाखविलेली प्रत पाहून समाधान मानू नये. स्वतः काढून पाहावी. आणि दाखिल-खारिज झाले म्हणजे मालकी सिद्ध झाली असेही समजू नये. ती कराची नोंद आहे. मालकी नोंदणीकृत बैनाम्याने येते.

दुसरी गोष्ट मुखत्यारपत्राची. मुखत्यारपत्र, साधा करार आणि मृत्युपत्र असा तिहेरी गठ्ठा हाती देऊन 'घर तुमचे झाले' असे सांगण्याची चाल उत्तर हिंदुस्थानात फार दिवस होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. शिवाय उत्तर प्रदेशात १९७७ पासून विक्रीचा करारसुद्धा नोंदणीकृत असावा लागतो. म्हणजे साध्या कागदावर बयाना देणारा, आम्ही दिला तसा, स्वतःच्या हाताने आपला हक्क दुबळा करीत असतो.

तिसरी गोष्ट शेतजमिनीची. आपल्याकडे जसे 'बिनशेती' करून घ्यावे लागते, तसे येथे राजस्व संहितेच्या कलम ८० खाली अकृषिक घोषणा लागते. दलाल मंडळी अजूनही जुन्या कायद्यातील कलमाच्या नावाने 'एक सौ तैंतालीस हो गया है' असे म्हणतात. झाले असेल, तर आदेशाची प्रत मागावी. तसेच परिषदेने एखादी जमीन योजनेसाठी अधिसूचित केली आहे काय, हेही पाहावे. अधिनियमाच्या कलम २८ खाली योजनेची सूचना निघते आणि कलम ३२ खाली मंजूर योजना जाहीर होते. अशा जमिनीचा तुकडा स्वस्तात मिळतो, कारण तो विकणाऱ्याच्या हातून जाणार हे त्यास ठाऊक असते. आणि खसऱ्यात जागा 'तालाब' म्हणून नोंदलेली असेल, तर तिच्याकडे पाठ फिरवावी. तळ्याची जमीन निवासासाठी देता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निर्णय आहे; आणि कायदा बाजूस ठेवला तरी बुजविलेल्या तळ्यावरची भिंत कधीतरी तडकतेच.

एवढे सारे पाहिल्यावर आम्ही शहाणे झालो आणि योजनेच्या आतच घर पाहू लागलो. येथे घर मिळण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, परिषदेकडून थेट. जाहिरात निघते, ठरावीक रक्कम भरून नाव नोंदवावे लागते आणि सोडत निघते. जाहिरात परिषदेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचावी. 'आतून काम करून देतो' असे म्हणणाऱ्यास नमस्कार करून पुढे जावे. दुसरा मार्ग, मूळ वाटपदाराकडून. येथे वाटपपत्र, सर्व हप्ते फेडल्याचा दाखला आणि परिषदेने वाटपदाराच्या नावे करून दिलेली रजिस्ट्री, ही तिन्ही मूळ स्वरूपात पाहावीत. हप्ते बाकी असताना विकणारा माणूस आपणांस घर विकत नसतो, आपले कर्ज विकत असतो. तिसरा मार्ग खासगी बांधकाम व्यावसायिकाचा.

या तिसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांच्या मदतीस २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे, ज्यास सर्वजण 'रेरा' म्हणतात. महाराष्ट्रात महारेरा, तसे येथे यूपी रेरा. तिचे मुख्य कार्यालय लखनौतच आहे. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत करार झाल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशापैकी सत्तर टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो. किंमत चटईक्षेत्रावर ठरवून घ्यावी. जिने, गच्ची आणि भिंतींची जाडी मिळवून फुगविलेल्या आकड्यावर ठरवू नये. गृहनिर्माण मंडळे आणि विकास प्राधिकरणेही या कायद्याच्या कक्षेबाहेर नाहीत. सदनिका घेणाऱ्यांनी २०१० चा उत्तर प्रदेश अपार्टमेंट कायदाही ऐकून ठेवावा. सदनिकाधारकांची संघटना त्याच्या आधाराने उभी राहते, आणि उद्वाहन बंद पडले की त्या संघटनेचे मोल कळते.

आता खर्चाचा हिशेब. आपल्याकडील रेडी रेकनरला येथे 'सर्किल रेट' म्हणतात. तो जिल्हाधिकारी ठरवितात. सर्किल रेट आणि प्रत्यक्ष किंमत यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर मुद्रांक लागतो, सर्वसाधारणपणे सात टक्के. स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का सूट आहे; पूर्वी ती दहा लाखांपर्यंतच्या किमतीलाच होती, २०२५ साली ती एक कोटीपर्यंत वाढविण्यात आली. महाराष्ट्रात नोंदणीशुल्कास ३०,००० रुपयांची मर्यादा आहे, येथे तशी मर्यादा नाही. सरळ एक टक्का. पुण्याचा हिशेब डोक्यात ठेवून येणारा येथे नेमका चुकतो. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर विकत घेणाऱ्याने एक टक्का आयकर कापून भरावयाचा असतो. विक्रेता परदेशस्थ असेल तर कपात याहून बरीच अधिक, तेव्हा सनदी लेखापालास विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत. आणि स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने बंदी आहे. 'थोडे वरचे रोख द्या' असे कोणी म्हटले तर समजावे की, उद्या भांडण झाल्यास तेवढ्या पैशाचा पुरावा आपल्यापाशी असणार नाही.

कागद झाले. आता भिंती. येथे आमची दुसरी ठेच सांगतो. आम्ही जे घर घेतले ते मार्चमध्ये पाहिले, तेही नेहमी संध्याकाळी. गुलमोहर, मोगरा, मंद वारा. सारे सुंदर दिसले. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि माजघराच्या छतातून थेंब पडू लागले. देव्हाऱ्यावर छत्री धरून आम्ही पूजा केली. मागील मालकांनी नुकतीच रंगरंगोटी केली होती, आणि नवा रंग ही जुन्या ओलीची खूण असते हे आम्हांस ठाऊक नव्हते. म्हणून घर पाहावे ते पावसात, किंवा पाऊस संपल्यावर लगेच. आणि एकदा तरी मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता.

दुपारी दोनचे कारण सांगतो. कोकणात आणि पुण्यात पश्चिमेची खिडकी म्हणजे भाग्य. वारा तिकडून येतो. येथे मे-जूनमध्ये पश्चिमेकडून येते ती लू. आम्ही हौसेने पश्चिमेच्या खोलीत मोठी खिडकी ठेवली आणि पहिल्या उन्हाळ्यातच तिला वाळ्याचे पडदे लावून बसलो. पारा येथे ४५ अंशांकडे झेपावतो, आणि जानेवारीत धुक्याच्या रात्री चार-पाच अंशांवर उतरतो. तेव्हा पश्चिमेची भिंत जाड असावी, मोठी दारे-खिडक्या पूर्वेस व उत्तरेस असाव्यात, आणि हिवाळ्यातील उन्हासाठी दक्षिणेकडे थोडी मोकळी जागा राखावी. पाण्यावरचा कूलर कोरड्या हवेत, जूनपर्यंत, उत्तम चालतो. पावसाची दमट हवा सुरू झाली की तो निरुपयोगी ठरतो.

जमीनही वेगळी. दख्खनवर हातभर खणले की मुरूम, त्याखाली काळा पाषाण. येथे गोमतीच्या खोऱ्यातील गाळाची माती, खाली कितीही खणले तरी दगड म्हणून नाही. म्हणून घर विटांचे, आणि पायाची रुंदी व जोत्याची उंची यांत काटकसर नको. जोते रस्त्याहून चांगले वर असावे. रस्ता दर डांबरीकरणास वर चढतो, घर मात्र जागीच राहते. जोत्यावर ओल अडविणारा थर नसला तर भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा पिठासारखा गळतो. वाळवीचा उपद्रव फार. पाया भरतानाच औषध टाकून घ्यावे, मागाहून ते काम दुप्पट महाग पडते. जाड लाल वाळूस येथे मौरंग म्हणतात, ती बुंदेलखंडाकडून येते. बारीक वाळूस बालू म्हणतात, ती गिलाव्यास ठीक. काँक्रीटमध्ये मौरंगाच्या जागी बालू खपविली जात नाही ना, यावर डोळा ठेवावा. शहरातील भूजल खोल गेले आहे. 'सबमर्सिबल आहे' या उत्तरावर थांबू नये, पाणी किती फुटांवर आहे आणि उन्हाळ्यात टिकते काय हे शेजाऱ्यांस विचारावे. गच्चीवरचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय आम्ही नंतर करून घेतली, आणि आमच्या साऱ्या खर्चांत मनास सर्वांत समाधान देणारा खर्च तोच ठरला.

भाडेकरूंविषयी दोन शब्द. पीजीआय जवळ असल्याने रुग्णांचे नातेवाईक, परिचारिका, तरुण डॉक्टर यांची घरासाठी सतत विचारणा असते. वरचा मजला भाड्याने देणे हा निवृत्तांस मोठा आधार. राज्याच्या २०२१ च्या भाडेकायद्याप्रमाणे करार लेखी हवा, निवासी जागेसाठी दोन महिन्यांहून अधिक अनामत घेता येत नाही, आणि वार्षिक भाडेवाढ पाच टक्क्यांपर्यंत. परंतु राहत्या घराचे विनापरवाना विश्रामगृह करण्याच्या मोहात पडू नये. वापर बदलण्यास परवानगी लागते. आणि जो माणूस दूर गावाहून आजारी आईस घेऊन आला आहे, त्याच्याशी भाड्याची घासाघीस करताना आपणही कधी काळी या शहरात परके म्हणून उतरलो होतो याची आठवण ठेवावी.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या परिचयातील एका कुटुंबात अशी घटना घडली. काकांनी हौसेने घर घेतले, एकट्याच्या नावे. बैनामा नागपूरच्या भावाकडील लोखंडी पेटीत सुरक्षित ठेवला. बँकेची कागदपत्रे काकाच पाहत. एके दिवशी काका अकस्मात गेले. काकूंस घराचा क्रमांक पाठ होता, परंतु घराचे कागद कोठे आहेत, कर कोणाच्या नावे भरला जातो, कर्ज फिटले की नाही, यांपैकी काहीच माहीत नव्हते. तेराव्याच्या आत वारसा दाखल्यासाठी खेपा सुरू झाल्या. मुले दूर, काकूंची हिंदी तोडकी, कचेरीतील भाषा अवघड. मंडळातील दोघे-तिघे त्यांच्याबरोबर महिनोगणती जात राहिले, तेव्हा घर त्यांच्या नावे लागले. एकदा कचेरीच्या बाकावर बसल्या असता त्या म्हणाल्या, 'हे घर आमचे आहे, हे मला ठाऊक आहे. पण ते कागदाला कोण सांगणार?' हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हा आमची हात जोडून विनंती आहे. घर पतिपत्नींच्या संयुक्त नावे घ्या. मृत्युपत्र करा; त्यास दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, परंतु परगावी राहणाऱ्या कुटुंबाने ती करून ठेवलेली बरी. हयातीतच मुलास वा मुलीस घर द्यावयाचे असेल, तर या राज्यात निकटच्या कुटुंबीयांना बक्षीसपत्र करण्यास २०२३ पासून ५,००० रुपये मुद्रांक पुरतो. परंतु येथे एक इशारा देऊ. बक्षीस एकदा दिले की सहसा परत घेता येत नाही. डोक्यावरचे छप्पर मायेच्या भरात देऊन टाकू नये, राहण्याचा हक्क लेखी राखूनच द्यावे. आणि एक साधी वही करा. तीत बैनाम्याची तारीख, गृहकराचा व वीजजोडणीचा क्रमांक, बँकेचे खाते, मूळ कागद कोठे आहेत, ही माहिती मराठीत लिहा. एक प्रत घरात, एक मुलांकडे. आमच्या घरी ही वही पंचांगाशेजारी ठेवलेली आहे. दर दिवाळीत पाडव्याला आम्ही दोघे ती उघडून बसतो. पूर्वी वह्या एकट्याने लिहीत असत. आता एकाने वाचावे आणि दुसऱ्याने तपासावे, असा नेम ठेवला आहे.

मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके बसविली, मुलांस मराठी शिकविले. त्याच आपुलकीने, जुन्या-जाणत्या चौघांनी महिन्यातील एक रविवार घर घेऊ पाहणाऱ्या नव्या कुटुंबांचे कागद वाचण्यासाठी द्यावा, अशी सूचना आम्ही अध्यक्षमहाशयांपुढे नम्रपणे ठेवितो. वकिलाची जागा आपण घेऊ शकणार नाही. परंतु वकिलाकडे जाण्यापूर्वी बयाना देऊ नका, एवढे सांगणारा एक मराठी आवाज त्या दिवशी आमच्याजवळ असता, तर आमचे चार महिन्यांचे निवृत्तिवेतन वाचले असते.

आमच्या घराच्या मागील अंगणात आम्ही शेवटी तुळशीवृंदावन बांधले. विटांचे, वर साधा गिलावा. लखनौची थंडी तुळशीस मानवत नाही. पौषातील धुक्यात पहिल्या वर्षी रोप करपून गेले. शेजारच्या मिश्राजींच्या सौभाग्यवतींनी तेव्हा सांगितले की, सायंकाळी तिच्यावर पातळ कापड घालावे आणि सकाळी ऊन आले की काढावे. तेव्हापासून आम्ही तसे करतो, आणि आता तुळस दर वसंतात नव्याने फुटते. आमच्या आठवणीतले वृंदावन वाईचे, तुळस राखण्याची रीत अवधची. या दोहोंवाचून आमचे येथील घर पुरे झाले नसते.

कागद दाखवावयाचे असतील तर आमचे दार उघडे आहे. येताना बैनाम्याची मूळ प्रत घेऊन या, चहा आमच्याकडे.